उघड्या पंखांचा फोटो

फोन आला तेव्हा पुंजाराम कोठुळे गुडघाभर पाण्यात उभा होता. हरसूलच्या पुढच्या त्या ओढ्यात फोनला रेंज यायची ती एकाच जागी, उंबराखालच्या मोठ्या दगडापाशी, आणि तो नेमका तिथेच होता. नाशिकच्या छायाचित्र मंडळाची चिटणीस वेदिका बोलत होती.

"काका, अभिनंदन! कीटक विभागात तुमचा दुसरा नंबर."

"पहिला कोणाचा?"

"ओळखा. तुमच्याच दोस्ताचा, आहेरकाकांचा! आणि गंमत म्हणजे दोघांचाही विषय तोच. हिरवी टाचणी."

"दिनेशचा?"

"हो ना. पंख पूर्ण उघडलेले आहेत, काका. परीक्षक त्या फोटोसमोरून हलेचनात."

पुंजारामने बरं म्हणून फोन खिशात टाकला. समोरच्या दगडावर त्याच टाचणीचा एक नर बसलेला होता, पंख पाठीवर मिटून. त्याने कॅमेरा वर केला, पण क्लिक केलं नाही. पाण्यातून बाहेर येऊन तो काठावर बसला.

टाचणी हा चतुराच्याच गोतातला नाजूक किडा. शेतात, डबक्यावर दिसते ती सुईएवढी. या ओढ्यावरची जात मोठी होती, चांगली बोटाएवढी. नर बसलेला असला की काळपट काडीसारखा दिसायचा, कोणाचं लक्षही जाणार नाही असा. पण मधूनच तो मागचे पंख उघडायचा आणि मोराच्या मानेवरचा रंग क्षणभर उन्हात पेटायचा. डोळ्याची पापणी लवेपर्यंत पंख परत मिटलेले. त्या उघड्या पंखांसाठी पुंजाराम चार वर्षं या ओढ्यात उभा राहिला होता. पावसाळा सरला की आठवड्यातून दोनदा, पहाटे नाशिकहून मोटारसायकलवर निघून. चार वर्षांत उघडे पंख त्याला तीनदा मिळाले होते आणि तिन्ही फोटो हललेले होते.

आणि दिनेश तर या हंगामात ओढ्यावर आला होता दोनदा. दोन्ही वेळा पुंजारामबरोबरच.

दोघं ओझरच्या विमान कारखान्यात एकाच वर्षी लागले होते. दिनेश फिटर आणि पुंजाराम तपासणी विभागात. दिनेशच्या हाताची ख्याती होती. कानशीने तो असा पृष्ठभाग काढायचा की बोट फिरवलं तर आरसा वाटावा. पुंजारामचं काम ते बोट फिरवायचं. मोजायचं, उजेडात धरायचं, आणि बसत नसेल तर लाल शिक्का मारून परत पाठवायचं. दिनेशचं काम त्याला क्वचितच परत पाठवावं लागलं. चौतीस वर्षं दोघांचा डबा एका बाकावर उघडला. निवृत्तीच्या आधी त्यांनी आडगाव नाक्याजवळ एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले, समोरासमोरच्या इमारतींत. स्वयंपाकघराच्या खिडक्या एकमेकींकडे तोंड करून. पुंजारामची मैना आणि दिनेशची कुंदन त्या खिडक्यांतूनच बोलायच्या.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी दिनेशचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. ज्याच्या हाताकडे नवी पोरं शिकायला येऊन उभी राहायची, तो माणूस बशीतला चहा कपड्यांवर सांडायला लागला. मग तो लोकांसमोर चहा प्यायचाच बंद झाला. घराबाहेर पडेना. तेव्हा पुंजारामनेच त्याला ओढून बाहेर काढलं. आपला जुना कॅमेरा दिला, तिपाई दिली, मंडळात नाव घातलं आणि ओढ्यावर नेलं.

ओढ्याकाठी बुधाचं भाताचं खाचर होतं. बुधा आणि त्याची बायको तानुबाई तिथे कायम काही ना काही करत असायची. पहिल्या दिवशीच दिनेश आणि बुधाची गट्टी जमली. पुंजाराम पाण्यात उभा आणि हे दोघं बांधावर बिडी ओढत. तिपाई लावून होईपर्यंत टाचणी उडून जायची. हातात कॅमेरा धरला तर फोटोत नुसते हिरवे फराटे उमटायचे. एकदा दिनेश कंटाळून म्हणाला होता, "पुंजा, हे माझं काम नाही रे."

"वाट बघावी लागते," पुंजाराम म्हणाला होता. "मी चार वर्षं बघतोय."

"तुझ्याकडे चार वर्षं आहेत."

हे बोलणं तेव्हा पुंजारामच्या नीट ध्यानात आलं नव्हतं.

प्रदर्शन गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये भरलं होतं. दारातून आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर दिनेशचा फोटो, चार फूट लांब. दोन्ही पंख उघडे, रंग असा की लोक बोलायचे थांबत होते. बाजूला पुंजारामचा, त्याच्या निम्म्या आकाराचा. त्यात एक मादी गवताच्या देठावरून उतरत पाण्याखाली गेली होती, अंडी घालायला. अंगाभोवती हवेचा चंदेरी पापुद्रा, आणि वर दगडावर तिची राखण करत बसलेला नर. हा फोटो काढायला पुंजाराम सव्वा तास कमरेत वाकून उभा होता. त्याखाली त्याने स्वतःच्या हौसेने सगळी माहिती लिहून दिली होती. सवयी, हंगाम, गाव, पाडा, ओढ्याला कुठल्या वळणावर उतरायचं तेसुद्धा. लोक त्याच्या फोटोकडे यायचे, 'काय आहे हे?' म्हणायचे, आणि परत मोठ्या फोटोकडे वळायचे.

दिनेश कडक इस्त्रीचा कोट घालून उभा होता. उजवा हात कोटाच्या खिशात. किती वर्षांनी तो असा ताठ उभा होता.

"कधी मिळाला रे हा?" पुंजारामने विचारलं.

"तू येवल्याला गेला होतास ना, लग्नाच्या पैठण्या घ्यायला? त्या दिवशी."

"एकटा गेलास?"

"कुंदनच्या भावाची गाडी होती." दिनेश हसला. "नशीब म्हण. बसली होती, उघडले पंख, दाबलं बटण."

कुंदन शेजारीच होती. तिने पुंजारामच्या दंडाला हात लावला. "भाऊजी, रात्रभर झोपले नाहीत हो हे, आनंदाने. तुमच्यामुळे झालं सगळं."

पुंजाराम हसला. मग पुढे होऊन त्याने फोटोवर नजर फिरवली. मुद्दाम नाही, त्याची नजरच तशी होती. सावली पायाशी पडलेली, म्हणजे भर दुपारचं ऊन. पण टाचणीच्या अंगभर, डोळ्यांवरसुद्धा, बारीक पाण्याचे थेंब होते. दुपारी दव कुठून आलं? जिवंत टाचणी सहाही पाय पुढे घेऊन पान पकडते. हिचे पाय फाकलेले होते आणि दोन तर पानाला टेकलेलेच नव्हते. आणि पान होतं जास्वंदीचं. त्या ओढ्याच्या आसपास कोसभर जास्वंद नव्हती.

त्याने मागे वळून दिनेशकडे पाहिलं. दिनेश कोणाशीतरी बोलत होता, पण त्याची नजर पुंजारामवरच होती.

मंगळवारी दुपारी दिनेश व्यायामोपचाराला जातो, हे त्याला माहीत होतं. तो मंगळवारी दुपारीच त्याच्या घरी गेला. कुंदनने दार उघडलं. "हे नाहीत हो," म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे चहा टाकला. बाल्कनीत जास्वंदीची कुंडी होती. पुंजारामने तिच्याकडे एकदा बघितलं आणि पाठ करून बसला.

"वहिनी, दिनेशने कमाल केली."

"कमाल कसली, माझा जीव गेला होता त्या दिवशी." कुंदन हसत गॅसपाशी उभी होती. "फ्रीजमध्ये डबा. मला वाटलं कोथिंबीर. उघडते तर आत सहा-सात टाचण्या, एकीचा पाय हलतोय! मी किंचाळलेच. हे म्हणतात, गप गं, त्यांना नुसतं गार केलंय, गार झाल्या की हलत नाहीत, पंधरा मिनिटांत फोटो काढतो आणि सोडतो."

"आणल्या कुठून?"

"तो बुधा घेऊन आला होता की बरणीत घालून, हरसूलच्या एसटीने. जेवला बिचारा इथे. मग दुपारभर चाललं होतं यांचं बाल्कनीत. पंख काही उघडे राहीनात, म्हणून फेविक्विक मागितलं. पहिल्या दोन-तीन तर..." ती थांबली. "तुम्ही नसाल करत असं, भाऊजी. पण यांचे हात तुम्हाला माहीत आहेत. काय करणार?"

"मग सोडल्या का?"

"कुठल्या हो? एक तेवढी उडाली, ती पंख्यात गेली." तिने कप त्याच्यासमोर ठेवला. "साखर पुरे आहे ना?"

"पुरे आहे," पुंजाराम म्हणाला आणि चहा पूर्ण संपवला.

घरी येऊन त्याने कागद काढला. कारखान्यात नापास मालाचा अहवाल लिहायचा तसा त्याने तो लिहिला, आकडे टाकून. एक, सावली आणि दव. दोन, पायांची ठेवण. तीन, जास्वंदीचं पान. चार, मंडळाच्या नियमाप्रमाणे प्राणी जिवंत, मोकळा आणि न छेडलेला असला पाहिजे. पाचव्या मुद्द्यापाशी तो बराच वेळ थांबला. मग लिहिलं: सौ. कुंदन आहेर यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे किडे फ्रीजमध्ये ठेवून, गोंद लावून फोटो काढण्यात आला.

मैनाने मागून वाचलं. "अहो, तिने तुम्हाला घरचं समजून सांगितलं."

"खरं तेच लिहिलंय."

"मग आधी त्याला विचारा. समोर बसवून विचारा."

"विचारलं तर तो खोटं बोलेल. मग मला तेही लिहावं लागेल."

"लिहावंच लागतं असं कोणी सांगितलंय तुम्हाला? आता पगार मिळतो का तुम्हाला याचा?"

पुंजाराम चिडला. "सहा जीव मारले त्याने एका फोटोसाठी. मी चार वर्षं त्यांच्या अंगावर सावली पडू दिली नाही. कोणीच काही बोलायचं नाही का?"

मैनाने कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "त्याचा दुसरा नंबर आला असता आणि तुमचा पहिला, तरी लिहिलं असतं का?"

त्याने कागदाखाली सही केली. संध्याकाळी कागदाचा फोटो काढून वेदिकाला पाठवून दिला.

शनिवारी मंडळाने दोघांना हॉलमागच्या खोलीत बोलावलं. तीन परीक्षक, वेदिका, आणि टेबलाच्या दोन टोकांना हे दोघं. वेदिकाने तक्रार वाचायला सुरुवात केली. पाचव्या मुद्द्यावर तिचा आवाज बारीक झाला. कुंदनचं नाव आलं तेव्हा दिनेशने पहिल्यांदा मान वर केली आणि पुंजारामकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ऐकण्यात चूक झाली असावी तसा तो बघत होता.

"आहेरसाहेब, तुम्हाला काही म्हणायचंय?" एका परीक्षकाने विचारलं. "मूळ फाइल दाखवलीत तर..."

"काही दाखवायचं नाही," दिनेश म्हणाला. "खरं आहे ते."

"सगळं?"

"सगळं." त्याने खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. हात टेबलावर थडथड वाजायला लागला. दिनेशने तो आवरला नाही. पाण्याच्या ग्लासातलं पाणी हलत होतं आणि खोलीतले सगळे त्या ग्लासाकडे बघत होते. "मला एक फोटो नीट यायला हवा होता. एकच. बाकी काही नाही."

पुंजारामला वाटलं, आता आपण उठावं, म्हणावं की जाऊ द्या. त्याने खुर्चीचा हात धरलासुद्धा. पण सहा टाचण्या डोळ्यांसमोर आल्या. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं. तो बसून राहिला.

निर्णय दहा मिनिटांत झाला. दिनेशचं बक्षीस रद्द, मंडळाचं सदस्यत्वही रद्द. मग एक परीक्षक पुंजारामकडे वळून म्हणाला, "नियमाप्रमाणे आता पहिला क्रमांक तुमचा. अभिनंदन."

"माझी तक्रार त्यासाठी नव्हती," पुंजाराम म्हणाला.

"ते आम्हाला कळतं हो."

"मला नको ते."

"असं कसं? मग तिसऱ्याला पहिला द्यावा लागेल, आणि तो फोटो काही तेवढा..." परीक्षक समजावणीच्या सुरात बोलला. "तुमचा फोटो खरंच चांगला आहे, कोठुळे. तो आधीच पहिला यायला हवा होता."

चार वर्षांत हे वाक्य त्याला कोणी म्हटलं नव्हतं. पुंजारामने पुन्हा नको म्हटलं नाही. दिनेश उठून दाराकडे गेला होता. कडी त्याच्या हाताने उघडेना. वेदिका धावली आणि तिने उघडून दिली.

दोन दिवसांनी एका स्थानिक पेपरात आतल्या पानावर बातमी आली. दिनेशचं नाव, फ्रीज, फेविक्विक, सगळं. त्याखाली पुंजारामचा फोटो आणि ओढ्याची माहिती, त्याने लिहिली होती तशीच्या तशी, पाड्याच्या नावासकट. सोसायटीच्या ग्रुपवर ती बातमी कोणीतरी टाकली. लिफ्टमध्ये लोक पुंजारामचं अभिनंदन करायचे आणि दिनेश दिसला की मोबाइल बघायचे. एका पोराने तर त्याला विचारलं, "आजोबा, तुमच्या फ्रीजमध्ये अजून किडे आहेत का?"

कुंदनची स्वयंपाकघराची खिडकी बंद झाली. काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलं.

ती पुंजारामला भेटली ती भाजीच्या गाडीपाशी. त्याने चेहरा वळवला, पण ती समोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"भाऊजी, माझ्या घरात बसून माझ्या हातचा चहा प्यायलात. साखर पुरे आहे म्हणालात. आणि माझंच बोलणं माझ्या नवऱ्याविरुद्ध लिहून पाठवलंत?"

"वहिनी, चूक त्याची होती."

"होती ना. मी कुठे नाही म्हणते? मला वास येत होता फ्रीजमध्ये, मीच डबा घासला. मला पटलं नव्हतंच." तिने मेथीची जुडी पिशवीत घातली. "पण ते मला विचारतात, तू का सांगितलंस. रोज विचारतात. भांडत नाहीत, नुसतं विचारतात. मी काय सांगू? माणूस परका आहे हे कळलं नाही, असं सांगू?"

भाजीवाला पैसे मागत होता. पुंजारामने द्यायला पाकीट काढलं. तिने त्याचा हात बाजूला सारला, स्वतःचे पैसे दिले आणि निघून गेली.

जानेवारीत तो ओढ्यावर गेला. जाऊन पाण्यात उभं राहिलं की डोकं शांत होईल असं त्याला वाटत होतं. वळणावर तीन गाड्या उभ्या होत्या. काठावर बाभळीच्या सावलीत चटई टाकलेली, त्यावर एक बर्फाची पेटी. शहरातले पाच-सहा जण कॅमेरे घेऊन पोटावर पालथे पडले होते. मधोमध एका दगडावर टाचणी ठेवली होती. ठेवलेली होती, बसलेली नव्हती, हे पुंजारामला लांबूनच कळलं. त्यांतल्या एकाने त्याला ओळखलं.

"अहो, तुम्ही कोठुळेकाका ना? तुमच्या माहितीवरूनच आलो आम्ही! नेमकी जागा सांगितलीत, मानलं."

"ही गार केलेली आहे," पुंजाराम म्हणाला.

"आम्ही काही स्पर्धेला पाठवणार नाही हो. नुसतं फेसबुकला."

बुधा पलीकडून पाणी उडवत आला. त्याच्या हातात काचेची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं. आत काळपट काड्यांसारखं काहीतरी एकमेकांवर पडलं होतं. पुंजारामने त्याला बाजूला घेतलं.

"बुधा, हे काय चालवलंय?"

"काय चालवलंय?" बुधाला खरोखरच कळलं नाही. "भिंगऱ्या देतो धरून. त्यांना धरता येत नाय, पानी गढूळ करतात."

"मरतात त्या."

"मरतात." त्याने मान हलवली. "आमी ल्हान असता शेपटीला दोरा बांधून उडवायचो, तवाबी मरायच्या. परत येतात पावसात."

"इतक्या धरल्या तर येणार नाहीत. यांच्या माद्या पाण्यात उतरून अंडी घालतात. तूच बघितलंस की, मी दाखवलं होतं."

"दाखवलं व्हतं." बुधाने बरणी काठावर ठेवली. मग म्हणाला, "साहेब, दर साल दिवाळी झाली की आमी सगळी द्राक्षाला जातो. पिंपळगावला, दिंडोरीला. घराला कुलूप. तानीची कंबर गेली औषध मारून मारून. यंदा पहिल्यांदा जायला लागलं नाय. घरी हावो. यांच्यामुळं." त्याने पालथ्या पडलेल्या लोकांकडे हनुवटी केली.

"मी येत होतो की चार वर्षं."

"तुमी येत व्हते. बिस्किटाचा पुडा आनायचे." बुधा हे टोचून बोलला नाही. जे होतं ते त्याने सांगितलं. "आन् त्या आहेरसाहेबानं पहिल्यांदा विचारलं, बुधा, तुला काय पायजे. तुमी नाय कवा विचारलं. तुमी पाठ करून पान्यात उभे राहायचे."

पुंजारामने वन खात्यात तक्रार करीन असं म्हणून बघितलं. बुधा म्हणाला, "करा. माझंबी नाव लिवा. तुमाला लिवता येतं."

त्या दिवशी त्याने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. उंबरापासून खालच्या डोहापर्यंत चालत गेला आणि परत आला. सगळ्या ओढ्यात त्याला एकच नर दिसला, तोही उंच फांदीवर, माणसांपासून लांब.

वन खात्याला त्याने पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मंडळाला लिहिलं की माझ्या फोटोखालची जागेची माहिती काढून टाका. वेदिकाने लगेच काढली, पण तोवर ती कुठे कुठे पोहोचली होती त्याचा पत्ता नव्हता. पुढच्या पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरात, तो चार वेळा जाऊन आला. ओढा भरून वाहत होता, दगड धुतलेले, ऊन तसंच, गवताचे देठ पाण्यात वाकलेले. साध्या सुईसारख्या टाचण्या होत्या, लाल चतुर होते. हिरवी एकही नव्हती. बुधाच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्या ठमाबाईने सांगितलं, "गेली समदी द्राक्षाला. गाड्या यायच्या बंद झाल्या ना."

त्याच महिन्यात दिनेशने फ्लॅट विकला. त्याचा आजार वाढला होता. पुण्याला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. पुंजारामला हे मैनाकडून कळलं. मैना कुंदनला भेटत होती, कुठे आणि कधी ते तिने कधी सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही.

सामानाचा टेम्पो सकाळी आला. पुंजाराम खिडकीतून बघत होता. गाद्या गेल्या, कपाट गेलं, फ्रीज गेला. दिनेश खाली मुलीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसला होता, हात मांडीवर, वर शाल टाकलेली. पुंजाराम जिना उतरून खाली गेला. गाडीच्या काचेशी उभा राहिला. काच उघडीच होती.

"दिनेश."

दिनेशने मान वळवली. ओळख देऊन नुसतं बघितलं.

पुंजारामने बरंच ठरवून ठेवलं होतं. कुंदनचं नाव लिहायला नको होतं हे म्हणायचं होतं. त्या खोलीत उठायला हवं होतं हेही. तोंडातून निघालं ते भलतंच. "ओढ्यावर गेलो होतो. एकही राहिली नाही रे."

दिनेशला बोलायला आता वेळ लागत असे. शब्द अडकायचे. त्याने ओठ ओले केले.

"मग," तो म्हणाला, "कळव की. मंडळाला."

कुंदन मागे येऊन बसली. तिने पुंजारामकडे बघितलं नाही. मुलीने काच वर केली आणि गाडी फाटकातून बाहेर पडली, मागोमाग टेम्पो. हायवेच्या गर्दीत दोन्ही लगेच दिसेनासे झाले.

तो वळला तर मैना समोरच्या इमारतीच्या दारातून पाटा-वरवंटा घेऊन येत होती. कुंदनचा होता. तिच्या सासूचा, दगडी, जड. पुण्याला नेण्यासारखा नाही म्हणून तिने मैनाला दिला होता. मैनाला तो पेलत नव्हता, दर चार पावलांवर टेकवावा लागत होता. पुंजाराम भरभर पुढे गेला आणि त्याने दोन्ही हात खाली घातले.

"राहू द्या," मैना म्हणाली. कमरेवर हात ठेवून ती दम घेत उभी राहिली आणि तिने वॉचमनला हाक मारली.